उशिरा येणारा हात

१२ जानेवारी
ही वही खरं तर टेपांसाठी आणली होती. कोणत्या डब्यात कोणतं गाणं, तारीख काय, माईक कुठे ठेवला, एवढंच लिहायचं. पण एका ओळीत भागेल तिथे मी अर्धं पान खरडते, हे माझं जुनं दुखणं. तेव्हा असू दे. डायरी तर डायरी.

आज फोन्सोने कोठाराच्या भिंतीवर रंगाने लिहिलं: "एकदाच." कल्पना माझी, अक्षर त्याचं, म्हणून वाकडं. तो शाळेत भूगोल शिकवतो आणि फळ्यावरही असंच लिहितो म्हणे. आमचा नियम जुनाच आहे आणि साधा. गाणं एकदाच वाजवायचं, एकदाच टेप करायचं. चुकलं ते चुकलं. साठ वर्षांपूर्वी पोरांनी मोटार ठेवायच्या खोल्यांतून, उसन्या गिटारी घेऊन, तीनच सूर येत असताना जो धिंगाणा घातला तो आम्हाला परत हवा आहे. त्यांना कुठे होती दुसरी संधी? आजकालची गाणी म्हणजे धुतलेली, इस्त्री केलेली, माणसाचा वास काढून टाकलेली. आमच्या बँडचं नाव लोस चार्कोस, म्हणजे डबकी. डबक्याला गाळणी लावायची नसते.

आम्ही तिघंच. फोन्सो गिटार वाजवतो आणि गातो, म्हणजे ओरडतो. मी जुना इटालियन ऑर्गन वाजवते आणि टेप करते. ड्रमवर माझा धाकटा भाऊ सेनेन. तालीम आमच्या मामाच्या सिद्रा, म्हणजे सफरचंदाची दारू, गाळायच्या जुन्या कोठारात, चेस्टनटच्या लाकडी पिंपांमध्ये. आता तिथे सिद्रा बनत नाही, पण भिंतींना सफरचंदाचा आंबूस वास अजून आहे आणि आवाज असा घुमतो की शहरातल्या स्टुडिओवाल्यांनी पाय धरावेत.

१९ जानेवारी
रेकॉर्डसाठी पहिलं गाणं टेप केलं. दोन मिनिटं अकरा सेकंद. फोन्सो दुसऱ्या कडव्याचे शब्द विसरला आणि तिथे नुसताच भुंकला. उत्तम.

पण खरी मजा सेनेनची. दुसरा आणि चौथा ठोका डाव्या हाताचा, आणि तो केसभर उशिरा येतो. प्रत्येक वेळी वाटतं, आता गाणं पडणार. पडत नाही. माझ्या मानेवर काटा आला. गेल्या ऑक्टोबरपासून हे त्याच्या वाजवण्यात आलंय आणि दिवसेंदिवस मुरतंय. पंधरा वर्षं वाजवून कुठे हे जमलं त्याला. मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "पुन्हा घेऊ या का? मला आवडलं नाही." मी भिंतीकडे बोट दाखवलं.

वडिलांचं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान मी चालवते. नुसती घरघर ऐकून कोणता भाग जायला आलाय ते सांगते. आविलेसमध्ये त्या बाबतीत माझा हात धरणारं कोणी नाही. तेव्हा काय चांगलं आणि काय वाईट हे मला ऐकू येतं, यावर त्याने विश्वास ठेवायला हरकत नाही.

३ फेब्रुवारी
मारुशाच्या गुत्त्यावर गेले होते. सेनेन तिथे सिद्रा ओततो, वीस वर्षं झाली. बाटली डोक्याच्या वर, पेला मांडीशी, नजर समोर. बघायचं नाही, हाच त्यातला रुबाब. धार पेल्याच्या काठावर फुटली पाहिजे. दोन घोट ओतायचे, गिऱ्हाइकाने एका दमात प्यायचे, तळाचं जमिनीवर फेकायचं. जमिनीवर भुसा असतोच.

आज त्याची धार तीनदा पेला सोडून बुटावर गेली. बंदरावरच्या क्रेनवाल्यांचं टोळकं बसलं होतं. एकजण म्हणाला, "सेनेन, माझ्या बुटाला तहान नाही रे बाबा!" दुसरा म्हणाला, "बाई कोण आहे ते तरी सांग!" सेनेन हसला आणि म्हणाला, "तुझीच बायको, दुसरी कोण!" मग काय, सगळा गुत्ता डोक्यावर घेतला त्यांनी. मीही हसले. पण तो पेल्याकडे बघून ओतायला लागला ते मला आवडलं नाही. इतक्या वर्षांचा नेम, आणि असा नवख्यासारखा खाली बघतो? घटस्फोटाला दोन वर्षं झाली, अजून मन थाऱ्यावर नाही, असं मला वाटतं. विचारलं तर सांगायचा नाही. आमच्या घरात कोणी काही सांगत नाही.

२४ फेब्रुवारी
आज "ओहोटी" टेप केलं. आमचं सगळ्यात चांगलं गाणं. डावा हात इतका उशिरा की मधल्या फटीतून मालगाडी जाईल. गाणं संपल्यावर ऑर्गनची गुणगुण पूर्ण विझेपर्यंत मी टेप थांबवत नाही, तोवर कोणी हलायचं नाही अशी शिस्त आहे. पण सेनेन बोलला. हाताला गार लागतंय असं काहीतरी म्हणाला. फेब्रुवारीत कोठारात गार नाही लागणार तर काय. मी तेलाचा स्टोव्ह त्याच्याजवळ सरकवला.

नंतर तो एकटाच सराव करत बसला. घड्याळाच्या टिकटिकीवर, डावा हात, डावा हात, डावा हात. मी दिवा बंद केला. म्हटलं, "सरळ वाजवणारे पैशाला पासरी मिळतात. देवाने दिलेलं घासून काढू नकोस." त्याने अंधारातच काठ्या खाली फेकल्या. रागीट आहे, बापावर गेलाय.

३० एप्रिल
रेकॉर्ड आली. वालेन्सियाच्या एका छोट्या कंपनीने पाचशे काढल्या, तीन आठवड्यांत संपल्या, आता आणखी हजार काढतायत. पंधरा वर्षं आम्ही ज्यासाठी झक मारली ते हे. माद्रिदच्या मासिकात अर्धं पान आलंय. फोन्सोच्या गाण्याबद्दल एक वाक्य, माझ्या ऑर्गनबद्दल एक, आणि बाकी सगळं सेनेनच्या "लंगड्या ठोक्याबद्दल". लिहिणारा म्हणतो, हा माणूस प्रत्येक ठोका द्यावा की न द्यावा असा विचार करून देतो.

मी ते सेनेनला मोठ्याने वाचून दाखवलं. म्हणाला, "बरोबर लिहिलंय त्याने." एवढंच. फोन्सो म्हणाला, "कानामागून आली आणि तिखट झाली, तुझी डावी!" तेव्हा मात्र हसला.

१७ मे
रविवार म्हणून आईकडे जेवायला. फाबादा, म्हणजे पांढऱ्या घेवड्याची उसळ, चोरिसो सॉसेज घालून. सेनेनने सदरा घातला नव्हता, बनियनसारखा बिनबटणाचा काहीतरी. आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "हा पितोय." मी म्हटलं, "आई, त्याचा धंदाच सिद्रा ओतायचा आहे." ती म्हणाली, "तुझे वडीलही आधी बटणं लावायचे थांबले होते." मग तिने चमचे इतक्या जोरात आपटले की मी विषय सोडला.

जिना उतरताना तो भिंत धरून उतरला. पितच असेल. एवढं कौतुक झालं की माणसाला झेपत नाही. बोलायला हवं त्याच्याशी. पण मी बोलले की भांडण होतं, आणि जूनमध्ये हिहोन शहरातला कार्यक्रम आहे. तो झाला की बोलेन.

२१ जून
हिहोन. भर दुपारी, बंदराजवळच्या चौकात, हजार माणसं. आमच्यासमोर आजवर दोनशेच्या वर कोणी उभं राहिलं नव्हतं.

सेनेनच्या डाव्या हातातून काठी चार वेळा सुटली. चारही वेळा त्याने वाकून दुसरी उचलली, मधले ठोके गायब, आणि चारही वेळा लोक वेडे झाले. त्यांना वाटलं हा नाटकाचाच भाग. शेवटी मंच उतरताना तो पायरी चुकला आणि सपशेल आडवा झाला. टाळ्या! शिट्ट्या! पुढच्या रांगेतल्या एका टकल्या माणसाने त्याला उठवून त्याचा मुका घेतला. फोन्सो हसून हसून खाली बसला. मीपण.

गाडीत सेनेन म्हणाला, "मी मुद्दाम पडलो नाही." मी म्हटलं, "म्हणूनच तर मजा आली."

२४ जून
सकाळी दुकान उघडतेय तोच मारुशा आली. ही बाई गुत्ता सोडून कुठे जात नाही. काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, "ओलाया, परवा सेनेनने अकरा पेले फोडले. काल मी त्याला ओतू दिलं नाही. रडला."

मी म्हटलं, "मला माहीत आहे, तो हल्ली पितो."

"कोण म्हणतं?"

"आई. मला पण वाटतं."

"मी चाळीस वर्षं प्यालेली माणसं बघते आहे," मारुशा म्हणाली, "तोंडाचा वास घेतलाय मी त्याच्या. हा प्यालेला नाही गं. याला काहीतरी झालंय. तुम्हा लोकांना दिसत कसं नाही?"

ती गेल्यावर मी अर्धवट उघडलेल्या टीव्हीसमोर बसून राहिले. दिसत कसं नाही.

२ जुलै
डॉक्टरकडे नेलं. हातोडी गुडघ्यावर मारली तर पाय असा उडाला की स्टूल पडलं. डॉक्टर हसले नाहीत. बोटांनी सदऱ्याचं बटण लावायला सांगितलं. सेनेनने प्रयत्न केला. मी खिडकीबाहेर बघत होते, तरी मला दिसत होतं. मिनिटभराने डॉक्टरांनी स्वतः ते बटण लावलं.

मेंदू-मज्जासंस्थेच्या तज्ज्ञाकडे चिठ्ठी दिली, वर "तातडीचं" असं लिहून. तारीख मिळाली १४ ऑक्टोबर. मी खिडकीवरच्या बाईला म्हटलं, हे तातडीचं आहे. ती म्हणाली, "बाई, ही तातडीचीच तारीख आहे."

१९ जुलै
रोज फोन करते. रोज तेच संगीत वाजतं, धुतलेलं आणि इस्त्री केलेलं, आणि मग एक गोड आवाज सांगतो की तुमचा फोन महत्त्वाचा आहे. खासगी डॉक्टर शोधला, तर ओव्हिएदोचा एक आधीच सुट्टीवर गेलाय आणि दुसरा सप्टेंबरपर्यंत वेळ देत नाही. उन्हाळ्यात या देशात आजारी पडू नये.

फोन्सो आला होता. शरद ऋतूत अकरा गावांचा दौरा ठरतोय, नाही कसं म्हणायचं? ओव्हिएदोच्या बँडबाजात एक देल्फीन नावाचा पन्नाशीचा ड्रमर आहे, सेनेन बरा होईपर्यंत तो बसेल, असं म्हणतो. मी त्याच्यावर ओरडले. तो म्हणाला, "ओरड, मला काही बोलायचं नाही. पण मी काय करू ते सांग." ओरडण्याशिवाय मला दुसरं काय येतं?

९ ऑगस्ट
सेनेन आईच्या जिन्यावरून पडला. डोक्याला चार टाके. तातडीच्या विभागात एका तरुण डॉक्टराने टाके घालता घालता त्याचे हात बघितले आणि कोणालातरी बोलावलं, तिने आणखी कोणाला. असं करत करत संध्याकाळपर्यंत त्याच्या मानेचा फोटो निघाला. चार महिन्यांचं काम एका जिन्याने केलं.

मानेच्या दोन मणक्यांमधली चकती मागे सरकून मज्जारज्जूवर दाबते आहे. डॉक्टरीणबाई किरोस, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर. त्यांनी बोटाने दाखवलं, पांढऱ्या पट्ट्याला मध्येच चिमटा बसल्यासारखा. डाव्या हाताला जाणारी वाट आधी दबली, मग पायांची. ऑपरेशन करावंच लागेल. दाब निघेल, पुढचं बिघडणं थांबेल. "जे गेलं ते परत येईल का," हे सेनेनने विचारलं. त्या म्हणाल्या, "दाब किती दिवसांचा आहे त्यावर बरंच अवलंबून. हे सुरू कधी झालं?"

आई म्हणाली, मे महिन्यात. मारुशाने फोनवर सांगितलं, वर्षाच्या सुरुवातीला. सेनेन म्हणाला, "माहीत नाही. हळूहळू." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच असतं, कोणालाच तारीख माहीत नसते.

मी म्हटलं, "मला काढता येईल."

का म्हटलं मी ते? मदत करायची होती. कोणत्याही गोष्टीत मला काहीतरी करता आलं पाहिजे, ही माझी खोड.

११ ऑगस्ट
टेपयंत्र बावीस किलोचं. मी आणि फोन्सोने ते तिसऱ्या मजल्यावर नेलं. पंधरा डबे, प्रत्येकावर तारीख. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आम्ही पाचजण, सेनेन चाकांच्या खुर्चीत, आई दाराशी.

आधीच्या सप्टेंबरची टेप लावली. ठोका सरळ. ६ ऑक्टोबरची लावली. चौथा ठोका किंचित मागे. डॉक्टरीणबाईंनी कान टवकारले. "हा?" "हा," मी म्हटलं. गाणं संपलं, ऑर्गनची गुणगुण उरली, आणि मी यंत्र बंद करणार तेवढ्यात टेपवर सेनेन बोलला.

"थांबा जरा, हात चुकला. पुन्हा घेऊ?"

मग माझा आवाज, खुशीत आलेला. "चुकला तर चुकला! एकदाच."

त्या खोलीत तो आवाज केवढा मोठा वाटला. मी म्हटलं, पुढचं काही महत्त्वाचं नाही, फक्त गाणी लावते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही, बोलणंही लावा. तेच हवंय मला."

तेव्हा सगळं लावलं. नोव्हेंबर. "ओलाया, डावा हात येतच नाहीये गं." "येतोय की. झकास येतोय." डिसेंबर. "आपण परत घेऊ या ना, एकदाच परत." "एकदाच म्हणजे काय असतं रे, गाढवा?" आणि तिघांचं हसणं. जानेवारी. मग २४ फेब्रुवारी. मी या वहीत लिहून ठेवलंय की हाताला गार लागतंय असं तो म्हणाला. टेपवर तो म्हणतो, "हातात जाड मोजा घातल्यासारखं वाटतं. काठी आहे की नाही कळत नाही. मला भीती वाटते." आणि मी म्हणते, "नियम मोडायला बहाणे नकोत. हात हलवू नकोस, टेप चालू आहे."

मला भीती वाटते, हे मी ऐकलंच नव्हतं. की ऐकलं होतं? टेपवर तर मी लगेच उत्तर देते आहे.

डॉक्टरीणबाईंनी ते परत लावायला सांगितलं. तारीख लिहून घेतली, मोज्याचं लिहून घेतलं. यंत्राकडे बघत म्हणाल्या, "इतकी नेटकी नोंद मला आजवर कोणत्याच रुग्णाची मिळाली नव्हती. दहा महिने. आभारी आहे." त्यांच्या मनात काहीच नव्हतं. कामात होत्या त्या.

घरी येऊन आईने वडिलांचा फोटो भिंतीवरून काढून पुसला आणि पुन्हा लावला. फोन्सो गाडीत रडला, कारण हसणाऱ्यांत तोही होता. सेनेन मात्र खुर्ची वळवता वळवता म्हणाला, "किती वेळा विचारलं मी?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

अकरा वेळा. मी मोजलं होतं.

२० ऑगस्ट
ऑपरेशन. साडेचार तास. बाहेर बसून काही करता येत नाही. मी कॉफीचं यंत्र नुसत्या आवाजावरून तपासलं, त्याचा पंप जायला आलाय. तिथल्या माणसाला सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर, कालच तक्रार केलीय."

१६ सप्टेंबर
बैल गेला आणि झोपा केला, म्हणतात ते काय उगीच नाही. मी रोज जाते, त्याला बोटांचे व्यायाम करायला लावते. मटार एका वाटीतून दुसऱ्या वाटीत टाकायचे. उजव्या हाताने मिनिटाला चाळीस होतात. डाव्याने तीन. पाय सुधारलेत, काठी घेऊन चालतो. डावा हात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसाच. पुढे बिघडणार नाही. आला तर थोडा येईल. "थोडा म्हणजे किती?" मी विचारलं. बटणं लावण्याइतका, कदाचित. ड्रम नाही. सिद्रा नाही.

मारुशाने त्याला गल्ल्यावर बसवायचं ठरवलंय. क्रेनवाले आता त्याला चिडवत नाहीत. दाराशी येऊन टोप्या काढतात आणि हवापाण्याचं बोलतात. तो मला म्हणाला, "त्यांना सांग गं, बायकोवरून बोला म्हणावं. हे असं तर मेल्यासारखं वाटतं." हे मी कसं सांगणार त्यांना?

मी माफी मागायचा दोनदा प्रयत्न केला. पहिल्यांदा तो म्हणाला, "मटार मोज." दुसऱ्यांदा म्हणाला, "मला आता तुझं रडं सांभाळायची ताकद नाही, ओलाया. नंतर बघू." तेही बरोबरच. माफी मागून मोकळं मला व्हायचं होतं. त्याला त्यातून काय मिळणार?

४ ऑक्टोबर
दौऱ्याचं त्यानेच ठरवलं. "जा," म्हणाला. "माझ्या नावावर घरी बसू नका, मला तो बोजा नको." म्हणून देल्फीनला बोलावलं. स्वच्छ दाढी, ड्रम पुसायचं स्वतःचं फडकं घेऊन आलेला, अतिशय भला माणूस. बँडबाजात तीस वर्षं. त्याने महिनाभर आमची रेकॉर्ड ऐकून सगळं कागदावर उतरवलं होतं. कुठला ठोका किती उशिरा, "ओहोटी"त किती, बाकी गाण्यांत किती.

सेनेन ऐकायला आला होता, पिंपाला टेकून बसला. देल्फीनने वाजवलं. हुबेहूब. एक केस इकडचा तिकडे नाही. गाणं संपल्यावर देल्फीन घाबरत म्हणाला, "जमतंय का? तुमच्याइतकं नैसर्गिक नाही येत."

सेनेन म्हणाला, "जमतंय. फक्त शेवटच्या कडव्यात मी आणखी उशिरा होतो. तिथे माझा खांदा पण जायचा."

देल्फीनने खिशातून पेन्सिल काढून ते लिहून घेतलं. मी बाहेर जाऊन उभी राहिले. रिमझिम चालू होती. आत फोन्सो विनोद सांगत होता आणि कोणी हसत नव्हतं.

८ नोव्हेंबर
दौऱ्यावरून परवा आलो. अकराही गावांत "ओहोटी" लोकांनी दोनदा मागितलं, आणि दिलं. काय सांगू त्याबद्दल. टाळ्या वाजवतात.

आज सेनेनकडे गेले तर टेबलावर एक पत्र होतं, लुब्लियानाहून, आमच्या रेकॉर्डच्या मागच्या पत्त्यावर आलेलं. लिहिणारा माटिया, विजेची कामं करतो आणि शनिवारी एका बँडमध्ये ड्रम वाजवतो. मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये दोन पानं. सहा महिने तो "ओहोटी"चा डावा हात शिकतोय. आरशासमोर करून बघितलं, मनगटाला वजन बांधून बघितलं. त्याची बायको म्हणते आता पुरे. कृपा करून सांगा, तुम्ही काय करता? तुमचं तंत्र काय आहे?

सेनेनने ते मला दोनदा वाचायला लावलं. मनगटाला वजन बांधल्याच्या ठिकाणी तो हसला. खरोखर हसला, उन्हाळ्यानंतर पहिल्यांदा. मग म्हणाला, "कागद घे. मला पेन धरवत नाही, तू लिही."

त्याने सांगितलं तसं मी लिहिलं: "प्रिय माटिया, पत्र मिळालं, आनंद झाला. वजन सोड. तंत्र काही नाही. मी सरळच वाजवत होतो. हात येत नव्हता. मानेत आजार होता, आता ऑपरेशन झालंय. तू सरळ वाजव. तुझ्या बायकोला नमस्कार."

मी म्हटलं, "हे असं पाठवायचं? बिचाऱ्याचा जीव तुटेल."

"पाठवायचं."

मी खाली सही करायला कागद त्याच्यापुढे सरकवला. त्याने तो परत माझ्याकडे सरकवला. "झालं नाही अजून. माझं झालं. आता तुझं लिही."

"माझं काय?"

"तो विचारेलच की. तीन माणसं होती ना तिथे, मग कोणाला कसं कळलं नाही? टेप कोण करत होतं? लिही."

आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडले असते, भांडता येतं मला. तो नुसता माझ्याकडे बघत होता. मला माहीत नव्हतं, असं लिहावंसं वाटलं. ते खोटं आहे हे पंधरा डब्यांत भरून ठेवलंय. थंडी होती, नियम होता, तो पितो असं वाटलं होतं, हे सगळं लिहिता आलं असतं. मग लिहिलं, आणि त्याला वाचून दाखवलं.

"मी त्याची बहीण. त्याचा हात उशिरा येतोय हे मला पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. मला ते आवडत होतं."

"बरोबर," सेनेन म्हणाला. "आता घाल पाकिटात."